फालूनची तांब्याची खाण (स्वीडन): एका दिवसात काय आणि कसं पाहावं?

दगडफूल (प्रश्न):

ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला मुक्काम आहे. त्यातला एक पूर्ण दिवस फालूनची जुनी तांब्याची खाण आणि तिथलं संग्रहालय पाहण्यासाठी ठेवलाय. सोबत सासूबाई (वय 68, गुडघ्यांचा त्रास) आणि 9 वर्षांचा मुलगा. प्रश्न असे:

1. एका दिवसात जाऊन-येऊन होईल का?
2. खाणीत उतरणं सासूबाईंना झेपेल का? नाही झेपलं तर वर थांबून त्यांना काही पाहण्यासारखं आहे का?
3. आधी संग्रहालय की आधी खाण?
4. कपडे, बूट, कॅमेरा यांबद्दल काही सूचना?
5. "मोठा खड्डा" म्हणून जो फोटो सगळीकडे दिसतो ती उघडी खाण होती का? मग जमिनीखाली नेमकं काय दाखवतात?

---

ताम्रपट:

एका दिवसात होतं. स्टॉकहोम सेंट्रलहून फालून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, ट्रेनने तीन तासांच्या आत-बाहेर. काही गाड्या थेट जातात, काहींना बदल असतो. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. फालून स्टेशनपासून खाण दीड-दोन किलोमीटरवर आहे. चालत जाता येतं, पण शेवटचा टप्पा चढाचा आहे. सासूबाईंसाठी बस किंवा टॅक्सी घ्या, त्यांची चालण्याची ताकद खाणीवर लागणार आहे. पैसे कार्डानेच द्यायचे असं धरून चाला, स्वीडनमध्ये रोख नोटा घेऊन फिरण्यात अर्थ नाही.

खाणीच्या फेरीची वेळ आधी पक्की करा, मग तिच्याभोवती ट्रेन बसवा. लोक उलटं करतात आणि तिथेच दिवस बिघडतो. खाणीत एकट्याने हिंडता येत नाही. गाइडबरोबरच, ठरलेल्या वेळीच जायचं. उन्हाळ्यात फेऱ्या बऱ्याच असतात, पण सगळ्या इंग्रजीत नसतात. तिकीट काढताना भाषा तपासा, नाहीतर तासभर स्वीडिश ऐकाल. वेळेच्या अर्धा तास आधी तिथे हवं, कारण हेल्मेट आणि अंगावरचा रेनकोटसारखा झगा घेण्यात वेळ जातो. स्वच्छतागृहही तेव्हाच उरकून घ्या.

फेरी साधारण एका तासाची, 67 मीटर खोलीपर्यंत. तापमान बारा महिने 5-6 अंश. बाहेर 24 अंशांचं ऊन असताना लोक टी-शर्टवर उतरतात आणि वीस मिनिटांत कुडकुडायला लागतात. तो झगा थेंबांपासून वाचवतो, थंडीपासून नाही. आत स्वेटर हवाच. मुलाला कानटोपी द्या, ती हेल्मेटखाली बसते आणि मोठं हेल्मेट त्यामुळे डोक्यावर नीटही राहतं.

बूट बंद, रबरी तळाचे, खाचा असलेले. पायऱ्या लाकडी आणि ओल्या असतात, वाट खडबडीत आहे, काही ठिकाणी डोकं वाकवावं लागतं. कापडी पांढरे बूट नकोत. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यात लोखंड असतं आणि त्याचे गंजासारखे डाग पडतात. ते डाग ब्लीचने काढायला जाऊ नका, क्लोरीनने लोखंडाचा डाग आणखी पक्का होतो. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवा.

गुडघ्यांचं म्हणाल तर खरा त्रास उतरताना होतो, चढताना कमी. एकदा गटाबरोबर निघालं की अर्ध्यातून परत फिरणं सोपं नसतं. म्हणून तिकीट काढण्याआधी खाणीला ईमेल करा: किती पायऱ्या, लिफ्ट कुठल्या टप्प्यावर मिळेल, हातात काठी चालेल का. "थोडा त्रास आहे" असं मोघम लिहू नका. "सलग पन्नास पायऱ्या उतरता येत नाहीत" असं आकड्यात लिहा, म्हणजे उत्तरही नेमकं येईल. माझं मत विचाराल तर सासूबाईंनी वरच राहावं. त्यात त्यांचं नुकसान फार नाही, कारण या खाणीतलं निम्म्याहून अधिक पाहण्यासारखं जमिनीवरच आहे.

---

पाटीपुस्तक:

पाचव्या प्रश्नाचं उत्तर: तो खड्डा कोणी खणलेला नाही, तो कोसळलेला आहे.

स्वीडिशमध्ये त्याला स्तूरा स्तोतेन म्हणतात. खोली सुमारे 100 मीटर, रुंदी 300 मीटरांहून जास्त. 1687 पर्यंत इथे शेजारी-शेजारी मोठे खड्डे होते आणि त्यांच्याखाली पोकळ्यांचं जाळं. खाणीत हिस्सेदारी होती. हिश्श्याचा सगळ्यात जुना कागद 1288 चा, त्यात वेस्तेरोसच्या बिशपने आठवा हिस्सा परत मिळवल्याची नोंद आहे. 1347 मध्ये राजा माग्नुस एरिक्सन याने सनद दिली. हिस्सेदारांपैकी प्रत्येकाचा डोळा धातूवर, आणि पोकळ्यांमध्ये आधाराला सोडलेल्या खांबांतही धातू होताच! ते खांब आणि मधल्या भिंती कुरतडत गेल्या. सगळ्या खाणीचा मिळून एक विचार करून खोदकाम झालं नाही. 25 जून 1687 ला मधल्या भिंती आणि खालच्या पोकळ्या एकदमच बसल्या. स्वीडनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाची सुट्टी असल्याने आत कोणी नव्हतं. एकही माणूस मेला नाही.

पुढे काम थांबलं नाही. कोसळलेल्या ढिगाऱ्यातच खनिज होतं, ते काढत राहिले, शिवाय आजूबाजूला नवी खोदाई झाली. खाण बंद पडली ती 8 डिसेंबर 1992 ला. 2001 पासून खाण आणि भोवतालचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

म्हणून माझा क्रम: आधी खड्ड्याचा कठडा, मग संग्रहालय, मग खाण. कठड्यावर उभं राहिल्यावर आकार कळतो. संग्रहालयात कोणतं यंत्र कशासाठी ते कळतं. मग आत गेल्यावर गाइड जे दाखवतो ते डोक्यात बसतं. उलट क्रमाने गेलात तर आत फक्त "अंधार, थंडी, मोठी गुहा" एवढंच हाती लागतं. खड्ड्याभोवती फिरायची वाट सुमारे दीड किलोमीटरची आहे, पाट्यांसकट. सासूबाईंना पूर्ण फेरी जमली नाही तरी प्रेक्षणाच्या कठड्यापर्यंत जाता येतं, आणि तेवढं पुरे.

---

हिरवाचाफा:

कॅमेऱ्याबद्दल. आत जाताना काच धुरकटत नाही, कारण काच गरम आणि हवा थंड असते. घोळ होतो बाहेर येताना. 5 अंशांवर गार झालेली काच ऑगस्टच्या दमट हवेत आली की क्षणात बाष्प धरते, आणि लोक ती रुमालाने पुसत बसतात. आतच कॅमेरा चेन असलेल्या पिशवीत बंद करा आणि वर आल्यावर 15-20 मिनिटं उघडू नका. चष्म्याचंही तेच, पण तो पिशवीत ठेवून चालणार नाही :)

फ्लॅश मारून पोकळ्यांचे फोटो येत नाहीत, जवळचे थेंब तेवढे पांढरे उमटतात. आतल्या दिव्यांवरच फोटो काढा. कठड्याला कोपर टेकवा, श्वास सोडून बटण दाबा. ट्रायपॉड मागचे लोक अडवतो, नेऊ नका.

---

ताम्रपट:

पाटीपुस्तक यांच्या क्रमाशी सहमत, पण एक अडचण. दुपारच्या ट्रेनने पोचणाऱ्याला उशिराची इंग्रजी फेरी मिळेलच असं नाही. सकाळची पहिली ट्रेन पकडली तरच हा क्रम बसतो.

---

दगडफूल:

सगळ्यांचे आभार, सकाळचीच ट्रेन घेऊ. आत गेल्यावर नेमकं काय बघायचं हे कोणी सांगेल का? गाइड सांगेलच, पण मुलगा "हे असं का?" विचारत सुटतो आणि मला उत्तरं येत नाहीत. संग्रहालयात कशापाशी जास्त वेळ द्यावा तेही सांगा.

---

पाटीपुस्तक:

मुलाला भिंती वाचायला शिकवा.

फालूनमध्ये दगड फोडायची जुनी पद्धत आगीची. भिंतीला लागून सरपण रचायचं, पेटवायचं, रात्रभर जळू द्यायचं. तापलेला दगड फुगतो. बाहेरचा थर जास्त फुगतो, आतला कमी, त्या ताणाने तडे जाऊन पापुद्रे सुटतात. सकाळी पहारीने ते पाडायचे. अशा भिंतीला कोपरे नसतात, ती घासलेल्या कढईच्या पोटासारखी गोलसर, गुळगुळीत होते, कुठे कुठे काजळीही असते. सुरुंगाची भिंत अगदी वेगळी: कोनेदार, फुटलेली, आणि मध्येच अर्ध्या नळीसारखी सरळ खाच. ती खाच म्हणजे सुरुंगाच्या भोकाची उरलेली अर्धी बाजू. बंदुकीची दारू आल्यावरही आग बराच काळ चालू राहिली, त्यामुळे दोन्ही खुणा एकाच खाणीत दिसतात. मुलाला सांगा, गोल भिंत आगीची, खाच सुरुंगाची. तासभर तो मोजत बसेल.

फेरीतल्या एका मोठ्या दालनाचं नाव "सार्वत्रिक शांतता" अशा अर्थाचं आहे, स्वीडिशमध्ये आल्मेना फ्रेदेन. तिथे भिंतीवर राजघराण्यातल्या पाहुण्यांच्या सह्या आहेत. लोक सह्यांचे फोटो काढतात. मी म्हणेन, छताकडे बघा. एवढी पोकळी खांबाशिवाय कशी उभी आहे, आणि अशाच पोकळ्या एकमेकींच्या फार जवळ आल्या की काय होतं, हे तिथे उभं राहून कळतं.

दुसरी बघायची जागा म्हणजे क्रॉइट्सचा उभा बोगदा. 208 मीटर खोल, आणि त्याला मधोमध विभागणारी लाकडी भिंत वरपासून तळापर्यंत. लाकूड टिकलं कसं, असा प्रश्न मुलगा विचारेलच. इथल्या पाण्यात लोखंडाची आणि तांब्याची सल्फेटं विरघळलेली असतात, म्हणजे आपलं हिराकस आणि मोरचूद. शिवाय गारठा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हे मानवत नाही.

---

हिरवाचाफा:

हिराकसाचाच दुसरा नमुना म्हणजे फेत-मात्स, "जाडा मात्स". मात्स इस्राएल्सन हा तरुण कामगार 1677 मध्ये खाणीत नाहीसा झाला. 1719 मध्ये पाण्याने भरलेल्या जुन्या भागात त्याचं प्रेत सापडलं, आणि ते इतकं ताजं होतं की कोणालाच वाटलं नाही हा 42 वर्षांपूर्वीचा आहे. ओळखलं ते त्याच्या वाग्दत्त वधूने, ती तोवर म्हातारी झाली होती. लोक म्हणत तो दगड झाला. दगड झाला नव्हता, सल्फेटांनी मुरला होता, आणि हवा लागल्यावर टणक झाला. पुढे प्रेत बरीच वर्षं प्रदर्शनात ठेवलं होतं, वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेअसनेही ते पाहिलं. शेवटचं दफन 1930 मध्ये झालं. आता संग्रहालयात गोष्ट आहे, प्रेत नाही. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल.

---

ताम्रपट:

संग्रहालयात वेळ द्यायचा तो दोन गोष्टींना: उचल-यंत्रांच्या प्रतिकृती आणि नाणी.

उचल-यंत्रं समजायला आपली मोट आठवा. बैल, नाडा, विहीर. इथे विहिरीऐवजी खाण, पाण्याऐवजी दगडाचं पिंप, बैलाऐवजी घोडे किंवा पाणचक्की. नाडाही कातड्याचाच! बैलाच्या कातड्याच्या वाद्या काढून पीळ देऊन जाड दोर करत. तागाचा दोर आम्लाच्या पाण्यात लवकर कुजतो, लोखंडी साखळी जड आणि तिलाही पाणी खातं. एवढ्या कातड्यासाठी ढिगांनी बैल लागत, आणि उरलेल्या मांसाचं खारवून, धुरी देऊन सॉसेज करत. स्वीडनच्या प्रत्येक दुकानात दिसणारं फालूकोर्व या नावाचं जाड सॉसेज त्यातूनच आलं असं मानतात. आता त्यात डुकराचं मांसही असतं, खाण्याआधी पाकिटावर वाचा.

दोराची अडचण अशी की खोली वाढली की दोराचं स्वतःचंच वजन ओझ्याइतकं होतं. क्रिस्तोफर पोल्हेम या स्वीडिश यंत्र-संशोधकाने 1690 च्या दशकात त्यावर उपाय काढला. त्याने दोरच काढून टाकला. दोन उभ्या लाकडी दांड्यांच्या रांगा, त्यांना ठरावीक अंतरावर आकडे. पाणचक्कीने एक रांग वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. पिंप एका आकड्यावर हातभर वर जातं, तिथे समोरचा आकडा ते पकडतो, तो वर गेला की पुन्हा पहिला. असं आकड्या-आकड्याने पिंप वर. प्रतिकृतीसमोर उभं राहून एकच पिंप नजरेने वरपर्यंत न्या, मग समजेल. यंत्र हुशारीचं होतं, पण सांधे एवढे की एक निखळला तरी सगळं थांबणार.

आडव्या दांड्यांची जोडणीही बघा. चक्की ओढ्यापाशी, खाण लांब. मधलं अंतर पुढे-मागे हलणाऱ्या लाकडी दांड्यांच्या रांगेने जोडायचे आणि पंप त्यावर चालायचे. विजेच्या तारेचं काम लाकडाने केलं म्हणा ना.

आता नाणी. सतराव्या शतकात ही खाण जोरात होती, 1650 च्या सुमारास वर्षाला सुमारे 3,000 टन तांबं निघे. त्या काळात युरोपच्या तांब्यापैकी दोन-तृतीयांशापर्यंत हिस्सा इथला होता असं सांगतात. चांदी कमी आणि तांबं भरपूर, म्हणून 1644 पासून स्वीडनने तांब्याच्या पत्र्याची नाणी काढली. नाण्याची किंमत त्यातल्या तांब्याएवढी धरायची, म्हणजे नाणं जडच होणार. 10 दालरचं (दालर हे तेव्हाचं चलन) नाणं 19.7 किलोचं! मुलाला विचारा, याचा खिसा केवढा लागेल. ही नाणी आवेस्ताला पाडत. तुमची ट्रेन बहुतेक आवेस्ता-क्रिल्बो स्टेशनवरूनच जाईल.

---

पाटीपुस्तक:

खनिजातून तांबं कसं काढत हेही मुलाला सांगून ठेवा, नाहीतर वर दिसणाऱ्या काळ्या ढिगांचा अर्थ लागत नाही. खनिज म्हणजे तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र. आधी उघड्यावर लाकडाच्या थरांवर खनिज रचून आठवडेच्या आठवडे धुमसवायचं, म्हणजे बरंचसं गंधक जळून जातं. मग कोळसा आणि गारगोटी घालून भट्टीत वितळवायचं. लोखंड गारगोटीला धरतं आणि मळी होऊन वर तरंगतं. खाली उरतं ते तांबं आणि गंधक यांचं मिश्रण, पुन्हा अनेकदा भाजायचं, पुन्हा वितळवायचं. मग कच्चं तांबं. पहिलं भाजणं घाईने केलं तर गंधक जास्त उरतं, त्याबरोबर लोखंडही खालच्या मिश्रणातच राहतं आणि तांबं वेगळं काढायचं काम वाढतं.

गंधकाच्या धुराने शहराभोवती झाडं टिकत नसत. मळीचे ढीग मात्र अजून शहरभर आहेत, काही घरांच्या पायांतही मळीच्या विटा आहेत. मळी उचलून खिशात घालू नका, वारसा स्थळ आहे, आणि कडा काचेसारख्या कापतात.

---

हिरवाचाफा:

सासूबाईंसाठी सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे लाल रंगाचा भाग, आणि त्यानंतर एल्सबोरी ही जुन्या खाण-कामगारांच्या लाकडी घरांची वस्ती.

स्वीडनभर लाल लाकडी घरं दिसतात, तो "फालू लाल" इथल्याच टाकाऊ मातीतून होतो. 1764 पासून तो व्यापारी प्रमाणावर बनतो आणि खाण बंद झाल्यावरही बनतोय. शतकानुशतकं हवा-पाण्यात पडून असलेला टाकाऊ दगड मुळात पिवळट, आपल्या काव-गेरूच्या जातीतला. तो धुऊन, निवळवून, वाळवून भाजतात. भाजल्यावर त्यातलं पाणी निघून जातं आणि लाल ऑक्साइड उरतं. जास्त तापवला की गडद होतो.

घरी उकळायची जुनी कृती साधारण अशी: 50 लिटर पाणी उकळून त्यात 2 किलो हिराकस विरघळवायचं. मग अडीच किलो राय या धान्याचं पीठ (राई म्हणजे मोहरी नव्हे!) गुठळी न होऊ देता घालून पाव तास उकळायचं. मग 8 किलो रंगाची पूड, पुन्हा पाव तास. शेवटी 4-5 लिटर जवसाचं तेल. पिठाची खळ पूड धरून ठेवते, हिराकस बुरशी रोखतं. हा रंग रंधा न मारलेल्या खरबरीत लाकडावरच बसतो. गुळगुळीत लाकडावर किंवा आधीच्या तेलरंगावर दिला तर पहिल्या पावसानंतर सोलतो.

हा रंग हाताला लागतो. म्हणून पांढरी साडी किंवा फिकट सलवार-कमीज घालून लाल भिंतीला टेकून फोटो काढू नका. बऱ्याच पर्यटकांच्या पाठीवर तो फालूनची आठवण म्हणून दिसतो.

---

दगडफूल:

हे चांगलं सांगितलंत, सासूबाईंचं फिकट कपड्यांवर फार प्रेम आहे. एकच शेवटचं: सगळं धरून किती तास ठेवू? आणि खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, तर खाली पाणी भरत नाही का?

---

ताम्रपट:

खड्डा 40 मिनिटं, संग्रहालय एक ते दीड तास, खाण झगा-हेल्मेटसकट दीड तास, वस्ती एक तास, जेवण वेगळं. परतीची ट्रेन खाणीच्या फेरीनंतर किमान तीन तासांची घ्या. चित्रकार कार्ल लार्सनचं घर सुंडबोर्नला आहे, 13-14 किलोमीटरवर. बरेच लोक त्याच दिवसात तेही कोंबायला बघतात. लहान मूल आणि गुडघे सोबत असताना ते करू नका.

पाण्याचं: भरतं. खोलचे मजले बुडालेले आहेत. पण पाणी एका पातळीच्या वर येऊ देत नाहीत, पंप चालू असतात, आणि धातू मिसळलेलं ते पाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. 1992 ला खणायचं थांबलं, उपसायचं थांबलेलं नाही.